शिंगराला टोचलेलं औषध

बुबुसाराचा हात सुटला की नारीनकडच्या त्या गावात भले भले बाप्येही अंगण सोडून पळत. त्या सकाळी तर तिच्या हातात घोड्याचा चाबूक होता. पहिला फटका दिराच्या, तोकतोसूनच्या मानेवर बसला. दुसऱ्याने त्याचा कान फाटला.

फ्रिजमधली डबी रिकामी होती. तिच्यात बुबुसाराच्या मुलाची, कुबातची तीन महिन्यांची इंजेक्शनं होती. पोरगा पंधरा वर्षांचा, दिसायला नऊचा. डोक्यातली वाटाण्याएवढी ग्रंथी वाढीचा रसच पुरेसा तयार करत नव्हती. बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हाडांची टोकं दोनेक वर्षांत मिटतील, मग काही केल्या उंची वाढायची नाही. रोजच्या सुईने आठ महिन्यांत पोरगा चार बोटं वाढला होता.

"औषध कुठेय?"

"शिंगराला टोचलं," तोकतोसून कान दाबत म्हणाला. "वाढीचंच ना ते? वाया थोडंच गेलं?"

घोडा दिसला की या माणसाची अक्कल चरायला जायची. लांब पल्ल्याच्या शर्यतीत घोड्यावर पोरंच बसवतात, आणि हलकं पोर म्हणजे अर्धी शर्यत जिंकलेली. कुबात त्याला तीन वर्षं जिंकून देत होता.

बुबुसाराने त्याच्या पोटात लाथ घातली. तो शेणात आडवा झाला.

"तुला माझं पोर जन्मभर बुटकंच हवंय, मेल्या!"

"मी तुझ्या घरात पाऊल तरी टाकलं का, वहिनी? इंजेक्शनं मला आणून दिली."

"मी दिली, आई." कुबात तबेल्याच्या दारात उभा होता. "वजन वाढलं की काका दुसरं पोर बसवणार. खाली उतरलो की सगळे मला टिंगू म्हणतात. घोड्यावर कोणी म्हणत नाही."

"अरे, नुसत्या उंचीचं आहे का ते? हे औषध नसलं तर मोठेपणी हाडं ठिसूळ होतात, हृदय थकतं. बाईंनी तुझ्यासमोर सांगितलं ना?"

"मोठेपणीचं मोठेपणी बघू."

चाबूक त्याच्या तोंडावर बसला. आजवर तिने त्याला बोटही लावलं नव्हतं. गाल फाटून रक्त ओठावर आलं. त्याने ते बाहीने पुसलं, रडला मात्र नाही.

तिच्याकडे न बघता तो काकाजवळ गेला, हात देऊन त्याला शेणातून उठवलं, आणि दोघं खोगीर आणायला आत गेले. बुबुसारा तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडली.