नऊ बाय पाच

गणिताच्या शिबिरात तिला सगळे ‘वीज’ म्हणायचे. प्रश्न वाचून होतो न होतो तोच तिचं उत्तर तयार, आणि बहुतेक वेळा बरोबर. कसं आलं विचारलं, की ती खांदे उडवायची. सिद्धतेच्या जागी ती लिहायची, ‘हे स्पष्टच आहे.’

शिकवणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, “उत्तर सुचणं ही देणगी झाली, पोरी. त्यात तुझं काय? ते खरं आहे का, हे बघणं तुझं.”

ते तिला झोंबलं. आठवडाभर ती बाईंशी कामापुरतंच बोलली.

स्पर्धेचा संघ निवडायच्या परीक्षेत शेवटचा प्रश्न फरश्यांचा आला. तीन चौरसांची, काटकोनात वाकलेली फरशी. अशा फरश्यांनी कुठले आयत पूर्ण झाकता येतील? तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: आयतातले चौरस तीनच्या पटीत हवेत, आणि दोन्ही बाजू विषम असल्या तर जमायचंच नाही. तीन बाय तीन जमत नव्हतं, तीन बाय पाचही नाही.

सिद्धता लिहायला बसली आणि घोडं अडलं. दर वेळी तीच पायरी निसटायची. ‘स्पष्टच’ लिहायला हात शिवशिवत होता. ‘स्प’ लिहूनही झालं. मग तिने पेन खाली ठेवलं. कदाचित मीच चुकतेय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

तिने नऊ बाय पाचचा आयत आखला आणि फरश्या बसवायला घेतल्या. खोडून खोडून कागद फाटायला आला, तेव्हा कुठे शेवटची फरशी चपखल बसली. तिला हसू आलं. अख्ख्या पानावर काट मारून तिने नव्याने मांडणी केली. या वेळी ओळीओळीला कारण दिलं.

बाहेर पोरं एकमेकांना सांगत होती, “दोन्ही विषम असतील तर नाहीच.”

सगळ्यांचं उत्तर तेच होतं. तरी ती म्हणाली, “नऊ बाय पाच जमतं.”

शिबिरातला सगळ्यांत हुशार मुलगा म्हणाला, “दाखव बघू.” भिंतीला कागद टेकवून तिने काढून दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. एकेक फरशी मोजून तो म्हणाला, “सुंदर आहे गं.”

त्या प्रश्नाला पूर्ण गुण तिला एकटीलाच मिळाले. संघात तिचं नाव पहिलं. घरी बाईंचा फोन आला.

“तुझी सिद्धता दोनदा वाचली.”

“कुठे चुकलं?”

“कुठेच नाही. आवडली म्हणून वाचली.”

तिने फोन ठेवला तेव्हा दवाखान्यातली ड्यूटी संपवून आलेली आई दारात चपला काढत होती. “रडतेस कशाला गं?”

“मला येतं गणित, आई.”

“ते मला पहिल्यापासून माहीत होतं.”

“मला नव्हतं,” वीज म्हणाली, आणि आईला उचलून तिने खोलीभर गरकन फिरवलं.