कालव्याकाठचा लांबचा रस्ता

माझा भाऊ तालाय दारू सोडल्यापासून कधी सरळ रस्त्याने चालला नाही. हसू नका, खरंच सांगते. त्याचं घर गावाच्या खालच्या टोकाला, आमचं प्रार्थनाघर वरच्या टोकाला, आणि मधोमध, अगदी रस्त्यावर, व्होडकाचं दुकान. सगळं गाव त्या रस्त्याने ये-जा करतं. तालाय मात्र घरामागून कालव्यावर उतरायचा आणि जर्दाळूच्या बागांना वळसा घालून पुलापाशी वर यायचा. चिखल असो नाहीतर गुडघाभर बर्फ, दुकानाची नुसती पाटीसुद्धा दिसू नये म्हणून एवढी पायपीट. पुलापलीकडे पहिलं घर आमचं, त्याला लागून प्रार्थनाघर, आणि पुढे ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड, तिथे तो कामाला. रोज सकाळी चिखलाचे बूट घेऊन माझ्या दारात उभा. "ताई, चहा उरलाय का, की दाजींनी सगळा ढोसला?"

गावातले टवाळ त्याला सोडायचे थोडेच! "काय रे, येशूने दारू सोडवली म्हणतोस, मग दुकानाला एवढा का टरकतोस?"

तालाय म्हणायचा, "येशू नाही टरकत रे, मी टरकतो. आम्हा दोघांत कच्चा मी आहे."

लग्नाकार्यात तो कुमीसलाही शिवायचा नाही. आंबवलेलं घोडीचं दूध, किंचितशी नशा असलेलं, आमच्याकडे तान्ह्या पोरांनाही बोटाने चाटवतात. आमचे मामा तर कपाळाला हात लावून म्हणाले, "ख्रिस्ती झाला ते एक वेळ समजू शकतो, पण कुमीस नको म्हणणारा किर्गिझ मी जन्मात पाहिला नाही!" तालाय हसायचा आणि चहा मागायचा. प्रार्थनाही त्याची एवढीशीच. प्रार्थनाघरातले बाकीचे बंधू उभे राहून पाल्हाळ लावायचे, हा म्हणायचा, "प्रभू, आजही मला लांबून ने. आमेन."

त्याला भ्यायला कारणही तसंच होतं. दारूपायी त्याची बायको बेर्मेत मुलीला घेऊन नारिनला माहेरी निघून गेली होती. तो सुधारला तेव्हा परत आली, पण उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "वन्सं, तुमच्या येशूला मी ओळखत नाही. ज्याने याला बाटलीपासून लांब ठेवलं त्याच्यासाठी मी भाकरी भाजीन. पण एक घोट घेतला, तर मी चालले. दुसऱ्यांदा परत येणार नाही." बेर्मेत बोलते ते करते. हे तालायला माहीत होतं आणि मलाही.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगते. मेदेर आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक, प्रार्थना चालवणारा. भला माणूस. वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते. बर्फात पडलेल्या तालायला पाठीवर घालून घरी आणणारा हाच, त्याच्या उशाशी बसून त्याला पहिली प्रार्थना शिकवणाराही हाच. तालाय त्याचा शब्द कधी खाली पडू द्यायचा नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर मी भाजते. प्याला सगळ्यांचा मिळून एकच आणि त्यात खरी वाइन, शहरातून आणलेली; तीच आमच्यासाठी प्रभूचं रक्त. तो हातोहात फिरतो. तालाय भाकर घ्यायचा, पण प्याला आला की गाल फुगवून श्वास रोखायचा आणि तसाच शेजारच्या म्हातारीच्या हातात द्यायचा. वासही नको. मला ते दिसलं की हसूही यायचं आणि रडूही.

पण आमच्यात जो प्याला पुढे सारतो त्याच्या मनात काहीतरी पाप दडलंय असं समजतात. बायका कुजबुजायला लागल्या. त्यातच मंडळीला नवा सेवक निवडायचा होता आणि सगळ्यांना हवा होता तालायच. प्रार्थनाघराची शेगडी कोण नीट करतं? तालाय. म्हाताऱ्यांना हाताला धरून कोण आणतं? तालाय. अडचण एवढीच, की प्याला फिरवायचं काम सेवकाचं. जो स्वतः पीत नाही तो दुसऱ्याला कसा देणार? कापणीच्या सणाला शहरातले वडील बंधू, आमच्या मंडळीचे ज्येष्ठ, नव्या सेवकाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला नेमायला येणार होते. तोपर्यंत हे निकालात काढायचं, असं मेदेरने ठरवलं.

मी पीठ मळत होते, हे दोघे चहाला बसले होते.

"तालाय, तुझा विश्वास आहे ना?" मेदेरने विचारलं.

"आहे. म्हणून तर वळसा घालतो."

"वळसा म्हणजे भीती, तालाय. भीती आणि विश्वास एका घरात नांदत नाहीत. देव तारी त्याला कोण मारी?"

मला राहवेना. "अहो, विषाची परीक्षा पाहू नये म्हणतात. तळघरात द्राक्षांच्या गोड रसाची बरणी आहे. तोच ओता की प्याल्यात!"

"एका माणसासाठी अख्ख्या मंडळीचा प्याला बदलायचा?"

"दर रविवारी तुम्हीच सांगता ना, मेंढपाळ एका मेंढरासाठी सगळा कळप सोडून गेला म्हणून?"

मेदेरने चहाची वाटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "प्रभूचं रक्त माझ्या भावाला विष होईल, असं म्हणायचंय तुला?"

मी पुन्हा पीठ मळायला लागले.

तालाय म्हणाला, "दाजी, मला सेवक नाही केलंत तरी चालेल. मी जन्मभर प्याला पुढे देईन."

"मला नाही चालत," मेदेर म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू. "सगळे जेवतात आणि माझा भाऊ पंक्तीत उपाशी बसतो. मला बघवत नाही रे."

तालायने मान खाली घातली. त्याने हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

सणाच्या दिवशी खिडक्यांत भोपळे, सफरचंदं, गव्हाच्या पेंड्या मांडल्या होत्या. बेर्मेत पहिल्यांदाच प्रार्थनाघरात आली. नवऱ्याचा मान होणार म्हणून डोक्याला नवा रुमाल बांधून, लेकीला मांडीवर घेऊन मागे बसली. प्रभुभोजन सुरू झालं, प्याला तालायपर्यंत आला. त्याने प्याल्याकडे पाहिलंच नाही. त्याने मेदेरकडे पाहिलं. मेदेरने मान डोलावली.

तालाय प्यायला. एक घोट. शेजारच्या म्हातारीने हात पुढे केले, पण प्याला सुटेना. दुसरा घोट. मग डोळे मिटून तिसरा. म्हातारीचे हात तसेच हवेत. बंधूंच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी, कोणीतरी 'हालेलुया' म्हणालं. त्याचा गळा वरखाली होताना पाहिला तो मी आणि बेर्मेतनेच. बेर्मेतने लेकीला खाली ठेवलं आणि रुमालाची गाठ घट्ट केली.

वडील बंधूंनी हात ठेवले, गाणी झाली, सगळे जेवायला बसले. बेर्मेत लेकीला घेऊन केव्हाच घरी गेली होती. तालाय जेवला नाही. तो फाटकाबाहेर पडला आणि पुलावरून सरळ रस्त्याला लागला. मी धावत गेले.

"तालाय, कालव्याने जा!"

तो वळून हसला. दारूच्या दिवसांत हसायचा, तसा. "आता कशाला, ताई? दाजी म्हणाले ना, भ्यायचं नाही."

दिवस मावळायच्या आत निरोप आला. तो दुकानासमोरच्या बाकावर आडवा पडला होता, सणाचे कपडे धुळीत. टवाळ पोरंसुद्धा हसत नव्हती म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बेर्मेत नारिनला गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "वन्सं, त्याला घोट पाजला तो बाटलीवाल्यांनी नाही, तुमच्या देवघराने."

मी मेदेरला नाही नाही ते बोलले. "झालं समाधान? हात दाखवून अवलक्षण! कालव्याकाठी चिखल तुडवायचा, तोच त्याचा विश्वास होता, आणि तुम्ही पाळक असून तुम्हाला दिसला नाही?" पुढच्या प्रभुभोजनाच्या सकाळी मेदेर स्वतः तळघरात उतरला, रसाची बरणी घेऊन वर आला आणि स्वतःच्या हाताने प्याला भरला. शहरातले वडील बंधू रागावले. मेदेर म्हणाला, "प्रभूने विचारलं तर उत्तर मी देईन. मला त्याला बऱ्याच गोष्टींची उत्तरं द्यायची आहेत." आता सगळी मंडळी गोड रस पिते. ज्याच्यासाठी प्याला बदलला, तो येत नाही. मेदेर कितीदा त्याच्या घरी गेला, दाराला आतून कडी.

तालायचा लांबचा रस्ता मात्र अजून आहे. तो घरून निघतो, दुकानावरून सरळ येतो, आणि पुलापाशी आला की कालव्यावर उतरतो. प्रार्थनाघराच्या मागून, काट्याकुट्यांतून, शेडकडे जातो. आमचं दार दिसू नये म्हणून.

परवा मी लोकर धुवायला कालव्यावर गेले होते. पायवाट अरुंद, एका बाजूला पाणी, दुसरीकडे कुंपण. तो समोरून आला. पळायला जागा नव्हती. किती वाळलाय! मी म्हटलं, "तालाय, चहा ठेवते, ये ना. दाजी घरात नाहीत."

त्याने मान हलवून नको म्हटलं. तोंड उघडलं नाही. मला वाटलं रागावलाय. मग जवळून जाताना पाहिलं, गाल फुगलेले, ओठ गच्च मिटलेले, डोळे जमिनीवर. प्याला हातात यायचा तेव्हा करायचा ना, अगदी तसं. ताईला वास येऊ नये म्हणून त्याने श्वास रोखला होता.

मी लोकर छातीशी धरून कुंपणाला टेकले आणि त्याला वाट दिली.