विमलबाईच्या घरी महाराज दिसत नाहीत

सकाळचे सात वाजले होते आणि बायजाबाईच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. मिठागरावर जाणाऱ्या बायकाही कामाची खोटी करून बसल्या होत्या. समोर टीव्ही, टीव्हीला झेंडूचा हार आणि हाराच्या आत तेजोनाथ महाराज. डिशच्या छत्रीवरून फुकट दिसणाऱ्या एका चॅनेलवर रोज सात ते आठ त्यांचं प्रवचन लागे. महाराजांनी हात वर केला की पडवीतले सगळे हात जुळत. म्हातारी जनी तर गुडघ्यांचं दुखणं थेट पडद्यालाच सांगत होती.

"सांग आजी, मोकळेपणानं सांग," महाराजांचा सेवक हितेश टीव्हीला टेकून म्हणाला. पांढरा झब्बा, कपाळभर अष्टगंध. "महाराज तिकडून ऐकतात. पन मुखदर्शन सगल्यांच्या नशिबात नसतं. ज्या घराचं व्हायब्रेशन शुद्ध, तिथंच मुख उतरतं. बाकीच्यांना नुसती वाणी!"

दारात काळुराम उभा होता. पेणच्या बाजारात टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकून त्याला तीस वर्षं झाली होती. या तीस वर्षांत त्यानं अंगात येणाऱ्या तीन बाया, विभूती झाडणारा एक फोटो आणि पैशाचा पाऊस पाडणारे दोन भामटे उघडे पाडले होते. दर वेळी लोक चार दिवस माना डोलवत आणि पाचव्या दिवशी नव्या महाराजाच्या पाया पडत. आता त्याला राग येत नसे, नुसता थकवा येई. आजही तो आला नसता. पण भाचीचा फोन आला होता.

भाची म्हणजे मनाली. बायजाबाईच्या शेजारच्या विमलबाईची सून. तिला पाचवा महिना लागला होता. "मामा, टीव्ही बघायला येशील? आवाज येतो, चित्र नाय येत," एवढंच ती म्हणाली. पण आवाज इतका बारीक होता की काळुरामनं खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं.

विमलबाईच्या टीव्हीवर बाकीचे सगळे चॅनेल झकास दिसत. महाराजांचा चॅनेल लावला की आवाज खणखणीत आणि पडदा काळाठिक्कर. गावात अशी दहा-अकरा घरं होती. हितेशनं त्यावर तोड सांगितली होती, पेटीशुद्धी. घरातल्या सुनेनं अकरा दिवस फक्त पाणी आणि दिवसाला एक केळं एवढ्यावर राहायचं. मग छत्रीची वायर जिला जोडतात ती टीव्हीमागची पेटी, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, हितेश खांब गावाच्या पलीकडे महाराजांच्या मठात नेणार, सोबत सुनेच्या अंगावरचं काहीतरी सोन्याचं. तिसऱ्या दिवशी पेटी परत, आणि मुखदर्शन सुरू. बायजाबाईकडे असंच झालं होतं. मनालीचा आज सहावा दिवस होता. रक्त आधीच कमी, त्यात दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्याही बंद. नवरा जितेश रोह्याला कंपनीत पहिल्या शिफ्टला. आईपुढे तोंड उघडायची त्याची छाती नव्हती.

बिघाड काय तो काळुरामला फोनवरच कळला होता. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. ते गावाला पटवायच्या विचारानंच त्याचे खांदे गळाले.

दारातूनच वळून तो आधी शेजारी विमलबाईकडे गेला. मनाली भिंतीला पाठ लावून बसली होती. ओठ पांढरे पडलेले, मामाला बघून उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली.

"विहीणबाई, पोर मरायला टेकलीय," काळुराम म्हणाला.

"मला काय हौस हाय, मामा?" विमलबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी पन सहा दिवस एकवेळ जेवते. पन पयलं पोर गेलं तिचं. महाराजांनी हितेशकडनं सांगितलं, घरात दोष हाय. मुख दिसलं नाय तर हे पन टिकायचं नाय. त्यांना कसं समजलं गो बाई, तिचं पयलं पोर गेलं ते? आमी तर कुणाला बोललो नाय."

"तुमची छत्री वाऱ्यानं फिरली होती, ती कुणी सरळ केली?"

"हितेशनं."

"मग चहा पाजला असेल. बसला असेल तासभर."

"व्हय, तवाच निघाला असंल विषय," विमलबाई पुटपुटली.

काळुरामनं टीव्हीमागची पेटी उचलली. खाडीकाठी खारा वारा कुठलंही यंत्र खातो, म्हणून या गावात पेटी आणली की पहिल्या दिवशीच तिला जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टी मारतात. पुढे वर्षानुवर्षं ती पिशवी कोणी सोडत नाही. कोणाची पेटी कशी दिसते हे कोणालाच माहीत नसतं. पिशवीसकट ती पेटी घेऊन तो बायजाबाईच्या पडवीत शिरला. मागे विमलबाई, तिच्या मागे भिंत धरत मनाली.

"बायजाबाई, पाच मिनिटं तुमच्या टीव्हीला ही पेटी लावतो."

"हात लावू नका!" हितेश ओरडला. "दोषी पेटी हाय ती!"

"बघू तरी द्या, दोष कसा असतो," काळुराम म्हणाला आणि वायरी बदलल्या. बायजाबाईच्या शुद्ध घरात, शुद्ध टीव्हीवर, हारासकट काळोख पसरला. आवाज मात्र चालू.

बायकांमध्ये कुजबुज झाली. हितेश डगमगला नाही. "बघितलंत? पाप पेटीत उतरतं! बायजामावशीच्या पेटीत पुण्य साठलंय. पिशवी सोडली तर तेज उडून जाईल."

"बायजाबाई, तुमची पेटी किती जुनी?"

"नात मनस्वी बोलायला लागली त्या वर्सीची. दहा वर्सं झाली. तिनं पयल्याच दिवशी वर मांजरीचा स्टिकर लावलेला. काढता काढता निघाला नाय, तसाच पिशवीत घातला."

काळुरामनं खिशातली कटर काढून चिकटपट्टी कापली. आतून काळी चकचकीत, बोटाएवढ्या जाडीची नवीकोरी पेटी निघाली. मांजर कुठेच नव्हतं.

"ही माजी नाय," बायजाबाई हळूच म्हणाली.

"मावशी, महाराजांनी पेटीचा कायापालट केला!" हितेशला घाम फुटला होता, पण तोंड चालूच. "तुमचं भाग्य थोर!"

काळुरामनं आपल्या खांद्यावरच्या पिशवीतून पुठ्ठ्याचा खोका काढला. आत हुबेहूब तशीच पेटी होती. "ही काल पेणला माझ्या दुकानात आली. हिचा कायापालट कुणी केला? बरं, मला सांगा, गावात सगळ्यात पापी घर कुणाचं?"

सगळ्यांनी एकदम समोरच्या घराकडे पाहिलं. तिथे गोविंदा पायरीवर बसून विडी ओढत होता. काल रात्रीची उतरायची होती. मान मिळाल्यासारखा तो उठला आणि म्हणाला, "माज्याकडं लावा!"

दुकानातली नवी पेटी तिथे लावली. पडवीतल्या सगळ्या बाया गोविंदाच्या दारात जमल्या. जुन्या टीव्हीवर, रिकाम्या बाटल्यांच्या शेजारी, तेजोनाथ महाराज स्वच्छ, ठळक प्रकट झाले आणि व्यसनमुक्तीवर बोलू लागले. जनी आधी हसली. मग बऱ्याच जणी हसल्या.

"आता ऐका," काळुराम म्हणाला. त्याचा आवाज दमलेला होता, त्यानं तो चढवलाही नाही. "उपग्रहावरून चित्र येतं ते घडी घालून येतं. पूर्वी एका पद्धतीची घडी घालायचे, आता काही चॅनेल नव्या पद्धतीची घालतात. जुन्या पेटीला जुनीच घडी उलगडता येते. म्हणून बाकीचे चॅनेल दिसतात आणि महाराज दिसत नाहीत. आवाज अजून जुन्याच रीतीनं येतो, म्हणून वाणी तेवढी ऐकू येते. नवी पेटी दोन्ही उलगडते. यात पुण्य नाही, पाप नाही. हा तुमची जुनी पेटी नेतो, पिशवीत नवी घालून परत आणतो. आणि जनीकाकू, ही छत्री वरून येईल तेवढं घेते. इथलं अक्षरही वर पोचवत नाही. तुम्ही टीव्हीपुढे बोललात ते महाराजांनी ऐकलं नाही. ते ऐकलं शेजारी उभ्या असलेल्या या माणसानं."

सगळ्यांनी हितेशकडे वळून पाहिलं. तो मोटरसायकलला किक मारत होता. बायजाबाई "माज्या सुनंची कुडी! अरं सुनंची कुडी!" करत धावली, तोवर तो रस्त्याला लागला होता. कानातलं गेलं ते गेलंच. काळुरामनं तिला पोलीस चौकीत सोबत येईन म्हणून सांगितलं. ती येईल याची त्याला खात्री नव्हती. दोन-तीन बाया तर अजूनही गोविंदाच्या टीव्हीला हात जोडून उभ्या होत्या.

विमलबाई मात्र तिथे नव्हती. काळुराम तिच्या घरी गेला तेव्हा ती चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापत होती. पहिली भाकरी तव्यावरून निघाली, तशी तिनं ती सुक्या जवळ्याच्या चटणीसोबत मनालीच्या पुढ्यात ठेवली. मनालीनं वाफाळती भाकरी मोडली आणि बोटं भाजत असतानाही खाल्ली.

"हळू गो, ठसका लागंल," विमलबाई म्हणाली. मग पदर तोंडाला लावून, "मला का बोलली नायस? इतकी भूक लागलेली तर?"

मनालीचा घास थांबला. "बोलले आई. रोज बोलले. तुम्ही म्हणालात, महाराजांना सांग."

विमलबाईनं दुसरी भाकरी वाढली.

काळुराम उंबऱ्यावर टेकला. बोलायचं त्राण नव्हतं, तरी बोलला. कारण हे कोणीतरी बोलायलाच हवं आणि आज तिथे तोच होता.

"विहीणबाई, देव माना, नका मानू, तो तुमचा प्रश्न. पण एखाद्यानं सांगितलं की माणसाला उपाशी ठेवा, औषध बंद करा, तर आधी विचारा, का? नीट उत्तर मिळेपर्यंत विचारा. लाज वाटली तरी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत पोरीला जेवू घाला."

"व्हय," विमलबाई म्हणाली, आणि उठून फळीवरची लोहाच्या गोळ्यांची पट्टी काढून आणली.