शक्यतो चीर नाही

मी एक रिट्रॅक्टर. ऑपरेशनच्या टेबलाला घट्ट बसणारा एक दांडा, दोन रुंद वाकडी पाती आणि चार स्क्रू, एवढाच माझा देह. पोट उघडलं की बरगड्यांच्या कडेखाली पाती अडकवायची, वर ओढायची आणि स्क्रू आवळायचे. मग कितीही तास जावोत, मी हलत नाही. माझ्याकडे बघून कुणाला प्रेम वाटेल असं माझं रूप नाही, हे मला ठाऊक आहे.

जन्म माझा चेन्नईजवळ अंबत्तूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून कुंभकोणमला आलो त्याला आता एकतीस वर्षं झाली. मराठी मी आमच्या डॉक्टर जयकुमारांकडून शिकलो. त्यांच्या घरची मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आली आणि इथल्या हवेत मुरली, परत काही गेली नाही. तुमच्यासाठी मी ती जरा नवी करून बोलतोय.

माझे पहिले मालक डॉक्टर चंद्रमौली. त्यांना सगळं डोळ्यांनी आणि हातांनी हवं असायचं. यकृत म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंज; त्यात कुठली शीर कुठे वळते ते बोटांना कळतं, असं ते म्हणायचे. त्यांचा छेद इतका लांब की दोन्ही बाजूंच्या बरगड्यांखालून उतरत्या छपरासारखा फिरायचा. त्यांच्या काळात माझी चैन होती. आठवड्यातून दोनदा तरी काम असायचं. रोगी मात्र तीन-तीन आठवडे पोट धरून चालायचे. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत नसे.

मग ते निवृत्त झाले आणि जयकुमार आले. येताना दुर्बीण घेऊन आले. चार-पाच भोकं पाडायची, पोटात गॅस भरून ते फुगवायचं, दुर्बीण आत घालायची आणि पडद्यावर बघत लांब दांड्यांच्या हत्यारांनी काम करायचं. मला वाटलं, हे पोरखेळ चार दिवस चालतील. पण पहिलाच रोगी दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालायला लागला आणि चौथ्या दिवशी घरी जाऊन इडली खायला लागला. मत्सर करायलाही मला जागा उरली नाही.

मी भंगारात गेलो नाही तो अलमेलु सिस्टरमुळे. पंचवीस वर्षं आमच्या ऑपरेशन थिएटरात काढलेली बाई. तिचा नेम असा, की दुर्बिणीचं ऑपरेशन असो नाहीतर काही असो, माझा ट्रे निर्जंतुक होऊन बाजूच्या टेबलावर हिरव्या फडक्याखाली हजर पाहिजे. पोट उघडायची वेळ आलीच तर धावाधाव नको.

"कशाला उघडता तो ट्रे, सिस्टर?" जयकुमार दर वेळी तमिळमध्ये म्हणायचे. "लागणार नाही."

"लागला नाही तर धुऊन ठेवीन," अलमेलु दर वेळी म्हणायची.

असा मी एकोणचाळीस वेळा मांडला गेलो आणि एकोणचाळीस वेळा न वापरता धुतला गेलो. लग्नात ज्याला मानाने बोलावतात आणि पंगतीत बसवायचं विसरतात, अशा मामासारखी माझी गत होती.

तेवढ्यात आमच्या व्यवस्थापकांना, नटराजांना, एक कल्पना सुचली. त्यांनी बस स्टँडसमोर जयकुमारांचा हसरा फोटो लावलेला मोठा फलक उभा केला. त्यावर तमिळमध्ये जे लिहिलं होतं त्याची मराठी एवढीच: ‘चीर नाही, चिंता नाही.’ थिएटरातले सगळे त्या फलकावर हसले. जयकुमारही हसले, पण त्यांनी तो काढायला सांगितलं नाही.

साक्कोट्टैच्या भवानीबाई तो फलक वाचूनच आल्या. वय अठ्ठावन्न. लग्नांच्या स्वयंपाकाची कामं घेणारी बाई. पाचशे-आठशे पानांना त्यांच्या हातचं पायसम, म्हणजे इकडची खीर, लागायचं. पित्ताच्या खड्यांसाठी पोटाची सोनोग्राफी केली आणि यकृताच्या उजव्या बाजूला, पार मागच्या कोपऱ्यात, लिंबाएवढी गाठ दिसली. तपासणीत ती चांगली निघाली नाही. काढायलाच हवी होती.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांचा पलंग थिएटरच्या दाराशी थांबला होता आणि माझा ट्रे त्यांच्या शेजारून आत चालला होता. तेव्हाचं बोलणं मी ऐकलं. जयकुमार मराठी बोलतात म्हटल्यावर बाईंना धीर आला होता.

"डाक्टर, मज लहान भोकंच होणे," त्या म्हणाल्या. होणे म्हणजे पाहिजे. त्यांच्या घरी असंच म्हणतात. "अणीक दोन मासांनी चोळपुरमांत कल्याण अहे. आठशे पानं. हंडा मीच उतरवणार." कल्याण म्हणजे लग्न.

"वेलदोडा जाईल एवढी भोकं, अक्का," जयकुमार म्हणाले. "दिसणार देखील नाहींत."

त्यांचे यजमान व्यंकोजीराव पायाशी उभे होते. कमी बोलणारा माणूस. त्यांनी विचारलं, "तेवढ्यांत झालं नाहीं तर?"

"होतं, मामा. एकोणचाळीस केलों, एकदा देखील पोट उघडलों नाहीं."

संमतीच्या कागदावर एक ओळ होती: गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया. ती ओळ जयकुमारांनी, पोस्टमन पत्ता वाचतो तशी, वाचली आणि पुढे गेले. बाईंनी सही केली. अलमेलुने माझ्यावरचं फडकं नीट केलं.

पहिले दोन तास छान गेले, हे मला कबूल केलंच पाहिजे. यकृताच्या दारातून आत शिरणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवती जयकुमारांनी आधीच एक फीत टाकून ठेवली. ती आवळली की आत येणारं रक्त थांबतं. भूल देणाऱ्या डॉक्टर शिवकामी सलाइन अगदी बेताने सोडत होत्या, म्हणजे शिरा टम्म फुगत नाहीत. यकृतावर सोनोग्राफीची दांडी फिरवून कुठे काय आहे ते पुन्हा पाहिलं. घाई कुणालाच नव्हती. मला डुलकी लागत होती.

मग मागच्या कोपऱ्यात, गाठ सुटायला दोन बोटं उरली असताना, एक शीर फाटली. पडदा लाल झाला.

जयकुमारांनी फीत आवळली. रक्त थांबलं नाही, कारण ते दारातून येणारं नव्हतं, मागच्या मोठ्या शिरेतून उलटं येत होतं. त्यांनी कापसाच्या घडीने तिथे दाब दिला. थांबलं. घडी उचलली, पुन्हा लाल. एक टाका घातला, तो शिरेला अजून थोडं फाडून गेला. पुन्हा दाब. दुसरा टाका. पुन्हा लाल.

"प्रेशर पंच्याऐंशी," शिवकामी म्हणाल्या.

"कळलं."

अलमेलुने माझ्यावरचं हिरवं फडकं काढलं आणि माझी पाती दांड्यापाशी ओळीने मांडली. स्टीलला स्टील लागलं की आवाज होतो. त्या खोलीत तो आवाज सगळ्यांनी ऐकला. जयकुमारांनी मान वळवली नाही.

"अजून एकदा," ते म्हणाले.

आता त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला माहीत होतं, कारण आठवडाभर थिएटरात दुसरं बोलणंच नव्हतं. शनिवारी तंजावरला सर्जन लोकांची सभा होती. त्यात त्यांना स्लाइड दाखवायची होती: चाळीस ऑपरेशनं, पोट उघडलेली शून्य. एवढा मोठा, शिकलेला, सुरेख हाताचा माणूस. आणि त्या शून्याला असा जपत होता जसं पोर फुग्याला जपतं.

तिसरा टाका. लाल.

"सत्तर," शिवकामी म्हणाल्या, आणि मग वेगळ्याच आवाजात, "श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा एकदम उतरला. जयकुमार, पोटातला गॅस शिरेत जातोय."

"एकच मिनिट, शिवा."

"तुझी स्लाइड शनिवारची आहे. बाई आजची आहे."

जयकुमार थांबले. मास्कच्या वर त्यांचे डोळे मला दिसत होते. त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "गॅस कमी करा. घडी तशीच दाबून धर, हलवू नकोस. उघडूया."

घडीचं ते साहाय्यक डॉक्टरला होतं, आणि त्याने ती जीव खाऊन दाबून धरली. तेवढं नसतं तर पुढचं काही उपयोगाचं नव्हतं. बरगड्यांखालून छेद गेला. अलमेलुने माझं एक पातं आणि मग दुसरं हातात दिलं. हुडकाहुडक नाही, आरडाओरड नाही. सहा वर्षांनी मी बरगड्यांना लागलो. स्क्रू आवळले, मी ओढलं आणि धरलं.

जयकुमारांनी हात आत घातला आणि फाटलेल्या शिरेवर एक बोट ठेवलं. एक बोट! सगळा दंगा बंद झाला. मग सावकाश दोन टाके. शिवकामींनी रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, आकडे वर यायला लागले. पुढच्या तासाभरात गाठ भोवतालच्या निरोगी कडेसकट बाहेर आली. मी तेवढा वेळ हललो नाही. फुशारकी मारत नाही. मला दुसरं काही येतच नाही.

संध्याकाळी नटराज जयकुमारांना गाठायला थिएटरच्या दारापर्यंत आले. त्यांनी हळूच एक सल्ला दिला. "डॉक्टर, ही केस उघड्या ऑपरेशनांच्या वहीत लिहू या ना. पोट उघडलंच आहे, म्हणजे खोटं काही नाही. दुर्बिणीच्या वहीत एकोणचाळिसांपैकी एकोणचाळीस तसेच राहतील."

इतकी वर्षं मी हत्यारं धुताना पाहिली आहेत. आकडेही धुता येतात हे त्या दिवशी कळलं. जयकुमार लगेच ‘नाही’ म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "बघतो."

पुढचं मी अलमेलुकडून ऐकलं. तिने ते मला सांगितलं नाही. मला ब्रशने घासता घासता शिवकामींना सांगितलं. तिसऱ्या दिवशी जयकुमार भवानीबाईंकडे गेले. काय बोलायचं ते जिन्यात पाठ करून गेले होते. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, व्यंकोजीराव चमच्याने रसम भरवत होते.

"तोंड पाडून कां उभे अहां?" बाईंनीच विचारलं.

"अक्का, मोठं कापावं लागलं. अम्ही..."

"पायसम अम्ही झांकण घालूनच शिजवतों. जळका वास आला कीं झांकण काढून पाहतों. झांकण काढलं नाहीं म्हणून मज कोण शाबास म्हणतं? पंगत जेवून उठली पाहिजे." मग त्यांनी रसमचा चमचा बाजूला सारला. "पण तुम्ही एक चुकलां. हे विचारले तेव्हां, ‘होतं’ म्हणालां. ‘न होईल’ असं देखील सांगायचं होतं. मी कल्याणवाल्यांस तसं सांगितलें असतें."

जयकुमारांनी पाठ केलेलं काहीच कामाला आलं नाही. ते म्हणे हात जोडून उभे राहिले. व्यंकोजीरावांनी त्यांना खुर्ची दिली.

शनिवारी सभा झाली. पुढच्या ऑपरेशनच्या दिवशी हात धुताना जयकुमारांनी स्वतःच शिवकामींना ती हकिगत सांगितली, म्हणून मला कळली. स्लाइडवर त्यांनी लिहिलं होतं: चाळीस, पोट उघडलेलं एक. एकोणचाळिसांबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. त्या एकाबद्दल सगळ्यांनी विचारलं. शेवटी मागच्या रांगेतून डॉक्टर चंद्रमौली काठी टेकत उठले.

"रक्त सुरू झाल्यापासून कितव्या मिनिटाला उघडलंस?"

"बाविसाव्या, सर."

"आणि कितव्या मिनिटाला उघडायला हवं होतं?"

जयकुमार म्हणाले, "आठव्या."

म्हातारा खाली बसला. टाळ्या-बिळ्या काही झाल्या नाहीत.

भवानीबाई बऱ्या झाल्या. चोळपुरमच्या लग्नात त्या खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या. हंडा व्यंकोजीरावांनी उतरवला, कंबर धरली, आणि सोमवारी आमच्याच दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांकडे आले.

फलकाचं म्हणाल तर जयकुमारांनी तो काढायला सांगितला. नटराजांना पैसे मोजून छापून घेतलेला फलक टाकवेना. त्यांनी एक पट्टी छापून वर चिकटवली. आता तिथे लिहिलंय: ‘शक्यतो चीर नाही, चिंता नाही.’ बसची वाट बघणारे लोक ते मोठ्याने वाचतात आणि एकमेकांना ढोसतात.

त्यानंतर दुर्बिणीची सतरा ऑपरेशनं झाली. प्रत्येक रोग्याला जयकुमार संमतीच्या कागदावरची ती ओळ आता सावकाश वाचून दाखवतात आणि तो काय विचारतो ते ऐकून घेतात. ऑपरेशनला हात घालण्याआधी ते सगळ्यांसमोर सांगतात, की एवढं रक्त गेलं, किंवा एवढ्या वेळात थांबलं नाही, तर उघडायचं. आणि तेव्हा त्यांना आठवण कुणीही करून द्यायची. माझा ट्रे उघडा असतो. सतराही वेळा मला कुणी हात लावला नाही.

माझा एक स्क्रू आता आटा सोडायला लागलाय. अलमेलु पुढच्या वर्षी निवृत्त होईल, मीही बहुधा तिच्याबरोबरच. माझ्या जागी जो नवा येईल त्याच्यासाठी एवढंच मागणं आहे: त्याला रोज मांडा, रोज धुवा, आणि त्याची गरज लागली नाही म्हणून त्याला कपाटात टाकू नका.

आता फडकं पडतंय, निघायला हवं. आपल्याकडे निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. पण मी तुम्हाला ‘येतो’ म्हणालो तर तुमच्याच पोटात गोळा येईल.

तेव्हा, जातो.