एकमताने बाद

ऑर्व्हिल ट्वेट यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि काउंटरवरच्या कोऱ्या कागदावर पुन्हा सही केली. अक्षरं निघाली एकीकडे आणि पोचली भलतीकडे.

“बघ हार्लन, जमतेय का? तुमच्याकडची जुनी सही दाखवलीस तर तशी गिरवून बघतो.”

“गिरवायची नसते, मिस्टर ट्वेट. आपली आपण करायची.”

“अरे, आपलीच तर करतोय!”

हार्लन वोइटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच म्हाताऱ्याने चालवलेल्या बसमधून तो शाळेत गेला होता. आज तो काउंटीच्या निवडणूक कचेरीत रिपब्लिकनांच्या बाजूने बसत होता. शेजारच्या खुर्चीवर डेमोक्रॅटांची लिओना प्रुइट. टपालाने आलेल्या प्रत्येक मताच्या लिफाफ्यावरची सही दोघांनी कचेरीतल्या जुन्या सहीशी ताडून पाहायची. दोघांचं एकमत झालं तरच लिफाफा बाद. नाही झालं तर प्रकरण राजधानीत, राज्याच्या देखरेख मंडळाकडे. तिथेही दोन्ही पक्षांची माणसं. आजवर या काउंटीतून एकही वाद वर गेला नव्हता, म्हणून मंडळ दरवर्षी दोघांचं तोंडभरून कौतुक करायचं.

वाद वर का जात नव्हता, ते फक्त या दोघांना ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात जेवणानंतर मारिसोल क्वेड नावाच्या मुलीच्या लिफाफ्यावरून त्यांची जुंपली. मतदारनोंदीत प्रत्येकाचा पक्षही असतो; त्याप्रमाणे मुलगी डेमोक्रॅट. सही घाईची, पण तिचीच. हार्लन हट्टाला पेटला होता, नाही म्हणजे नाही. शेवटी लिओनाने ढिगातून ट्वेटांचा लिफाफा उचलला आणि त्याच्यापुढे टाकला. “मग हाही बाद कर. तुझा एक, माझा एक.” ट्वेट रिपब्लिकन. सही थरथरती आहे, खोटी नाही, हे हार्लनला बघताक्षणी कळलं होतं. तरी त्याने मान डोलावली. कुठल्याच पक्षाचं नुकसान झालं नाही, असं म्हणून दोघांनी कॉफी घेतली.

बाद झालेल्यांना पत्रं गेली होती. स्वतः येऊन सही करून दाखवायची, दोघांनी ती मान्य करायची. मुदत आज संध्याकाळपर्यंत.

ट्वेटांनी पेन खाली ठेवलं. “राहू दे रे. एकट्या हिने बाद केलं असतं ना, तर इथे बसून तमाशा केला असता मी. राग मानू नकोस हं, पोरी.”

“नाही मानत,” लिओना म्हणाली. तिने वर पाहिलं नाही.

“पण तूही नाही म्हणालास, हार्लन. दोन्ही पक्ष एकदम सांगतायत, म्हणजे हा हात माझा राहिला नाही. पुढच्या वेळी मला मताचा कागदच पाठवू नका. उगाच तुम्हाला ताप.”

ते टोपी घालू लागले. हार्लनने त्यांची बाही धरली.

“थांबा. सही तुमचीच आहे. मला मान्य आहे.” तो लिओनाकडे वळला. “तू पण हो म्हण.”

लिओना उठून त्याच्या अगदी जवळ आली. “म्हणते,” ती हळूच म्हणाली. “पण मग माझ्या बाजूच्या त्या मारिसोलचं काय? ती कॉलेजात, तीन राज्यं पलीकडे. पत्र घरच्या टपालपेटीत पडलं असेल.”

“लिओना, पुन्हा तुझा एक, माझा एक?”

तिचा चेहरा खर्रकन उतरला.

म्हाताऱ्याची सही मान्य करून घ्यायची, मुलीला सोडून द्यायचं, आणि रिपब्लिकनांचं एक मत वाढवून घरी जायचं. क्षणभर हार्लनच्या मनात आलंच ते. आणि तेवढ्यानेच त्याला स्वतःची किळस आली. मुलगी इथे येऊ शकत नव्हती, तिचा लिफाफा आता फक्त मंडळच उघडू शकत होतं. आणि मंडळ विचारणार, बाद केलात कशाला?

“बसा, मिस्टर ट्वेट,” तो म्हणाला. “तुमचं काम झालंय. पण मी काय बोलतो ते ऐकून जा.”

त्याने काउंटरवरचा फोन ओढला आणि राजधानीचा नंबर फिरवला. लिओनाने त्याचा हात अडवला नाही.

“वोइट? तुमच्याकडून फोन म्हणजे नवलच!” पलीकडची बाई हसून म्हणाली. “शेवटी भांडलात वाटतं? कुठल्या लिफाफ्यावर मतभेद आहे?”

“मतभेद नाही, मॅडम,” हार्लन म्हणाला. “आमचं एकमत झालं होतं. त्याचीच तक्रार आहे.”