चाकातला दुधी

"साखरपुड्याआधी मुलीच्या आईबापांना ट्रक दाखवतात, हे आजच कळलं," सूर्यकांत माझ्या कानाशी पुटपुटले. पुढे विश्वनाथराव गाडी चालवत होते, म्हणून मी ह्यांना नुसतं कोपरानं ढोसलं.

विश्वनाथराव आमचे होणारे व्याही. नोएडाच्या पलीकडे त्यांनी ट्रक ड्रायव्हर तयार करणारं स्कूल काढलं होतं. अशा स्कूलना आता सरकारी मान्यता लागणार होती, आणि ती देणाऱ्या समितीवर ह्यांची नेमणूक झाली होती. त्याच आठवड्यात विश्वनाथरावांच्या मानसचं स्थळ दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आपण होऊन चालत आलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण आमच्या स्वरूपाला एकतिसावं लागलेलं, आणि मुलगा तिला मनापासून आवडलेला. मी पाल हाकलून दिली.

स्कूलपाशी आम्ही सगळे उतरलो, मानस आणि स्वरूपाही. आवारातल्या ट्रकला दसऱ्याचा ताजा हार होता.

"रोज दोन बॅच असतात," विश्वनाथराव म्हणाले.

"जरा सुरू करून दाखवता?" ह्यांनी विचारलं.

"अरे यार, आज संडे. चावी शिकवणाऱ्या उस्तादकडे."

त्यांच्या पद्मजाताईंनी लगेच बटाटेवड्यांचा डबा उघडला.

बशी घेऊन मी सावलीसाठी ट्रकच्या मागे गेले. मागच्या चाकात दुधीचा वेल आरपार शिरला होता, त्याला वीतभर दुधी लोंबत होता. म्हणजे पावसाळ्यापासून चाक हललेलं नव्हतं. हे मागून आले, त्यांनीही बघितलं. आम्ही बघतोय हे पद्मजाताईंनी बघितलं.

"कोवळा आहे," त्या म्हणाल्या. "घेऊन जा भाजीला."

"चणाडाळ घालून छान होते," मी म्हणाले. तोंडच मेलं असं.

"तुमचा रिपोर्ट या आठवड्यात जाईल ना?" विश्वनाथरावांनी ह्यांना विचारलं. "बिल्कुल घाई नाही. साखरपुड्याचा हॉल तेवढा त्यानंतर बुक करू म्हणतो."

ह्यांनी वडा तसाच गिळला. मानस बुटानं गवत दाबत उभा होता. स्वरूपा त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं एकदा वर बघावं, एवढ्यासाठीच थांबली असावी. त्यानं बघितलं नाही.

मग तिनं वाकून तो दुधी खुडला आणि माझ्या हातात दिला.

"बाबा, ह्यांना मी नकोय," ती म्हणाली. "तुमची सही हवीये."