अप्पांची तक्रार

हैदराबादेत तारनाक्याला राहणाऱ्या अप्पांनी लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिमचा नवा गाभा, म्हणजे कर्नल, घातला आणि स्पीकरचा आवाजच गेला. सून निशिगंधा भडकली. हा कर्नल जगभरातले लोक मिळून लिहितात. काल चालणारं आज कोणाच्या बदलाने बिघडलं, ते हुडकणं हेच तिचं काम.

"कोण हौला आहे, कोण मूर्ख, बघतेच आता!"

नव्या कर्नलमध्ये आठ हजार बदल होते. ती अर्धेच बदल घालून कर्नल बांधायची, अप्पा गाणं लावून "वाजलं" किंवा "नाही वाजलं" सांगायचे. मग संशयित अर्ध्यांचे पुन्हा अर्धे. तेराव्या खेपेला एकच बदल उरला.

"सापडला का हौला?" अप्पांनी विचारलं.

निशिगंधाने जीभ चावली. बदलाखाली तिचंच नाव होतं.

अप्पा पोट धरधरून हसले. तीही हसत सुटली आणि हसता हसताच तिने दुरुस्ती लिहिली. रिवाजाप्रमाणे दुरुस्तीखाली तक्रार करणाऱ्याचं नाव कायमचं राहतं. तिने अप्पांचं पूर्ण नाव घातलं.

गाणं पुन्हा वाजलं. त्यावर आवाज चढवून अप्पा कोठी भागात राहणाऱ्या बहिणीला फोनवर सांगत होते, "अगं, सुनेची तक्रार केली, तर तिनेच ती जगभर पोचवली, माझ्या नावानिशी!"